चित्रांखाली ‘मोहना’च राहावी

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
आस्थापना विभाग,
कला महाविद्यालय.

विषय : दिवंगत मॉडेल ‘मोहना’ यांच्या चित्रांखाली त्यांचे खरे नाव न लावण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत.
२) माझा दुसरा अर्ज, ‘अशी व्यक्ती नोंदीत नाही’ असा शेरा मारून परत.

महोदय,

१. आपल्या छापील नमुन्यातील दुसरा रकाना ‘घटनेपूर्वीची परिस्थिती’ असा आहे आणि त्यासाठी दीड ओळ सोडलेली आहे. तेवढ्यात मावत नाही, म्हणून साध्या कागदावर लिहीत आहे. घटनेपूर्वीचा दिवस बुधवार होता. संध्याकाळी माझी आई स्टुलावर बसून वज्रीने टाचा घासत होती. मी भाजी चिरत होते. तिने पाठ माझ्याकडे करून विचारले, “पाठीवर काही लाल दिसतंय का गं? डास चावलाय वाटतं.” मी म्हटले, “लायब्ररीत पाठ कोण बघतंय तुझी?” ती म्हणाली, “कपाटं बघतात ना!” आणि स्वतःच हसत सुटली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या महाविद्यालयासमोरच्या बसथांब्यावर ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. तिच्या पिशवीत एक सुती गाऊन, सपाता आणि केसांचे आकडे होते. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईला यातले काहीच लागत नाही, हे दवाखान्यातल्या परिचारिकेच्याही लक्षात आले असावे. पिशवी माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

२. माझी आई एकतीस वर्षे आपल्याकडे चित्रवर्गात मॉडेल म्हणून बसत होती. कधी कपड्यांत, कधी कपड्यांविना. वीस मिनिटे स्थिर, पाच मिनिटे विश्रांती, पुन्हा वीस मिनिटे. विश्रांतीनंतर तीच बैठक जमावी म्हणून चौथऱ्यावर तिच्या पावलांभोवती खडूने रेघ मारत, हे मला आपल्या शिपाईकाकांनी सांगितले. वर्गात तिचे नाव मोहना. विद्यार्थी तिला मोहनामावशी म्हणत. हे नाव तिने स्वतः निवडले होते. तिच्या नेमणूकपत्रात तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, मॉडेलचे खरे नाव बंद पाकिटात कार्यालयाकडे राहील आणि तिच्या संमतीवाचून ते वर्गात किंवा वर्गाबाहेर उच्चारले जाणार नाही. ‘सेवेत असेपर्यंत’ असे शब्द त्या कलमात नाहीत. ‘जिवंत असेपर्यंत’ असेही नाहीत. पत्राची प्रत सोबत आहे. नावावर शाई मी फिरवली आहे.

३. शोकसभेत आपण जाहीर केलेत की, तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरवून प्रत्येक चित्राखाली तिच्या खऱ्या नावाची पितळी पाटी लावण्यात येईल. पाकीट उघडले गेल्याचे मला तेव्हा कळले. मी दुसऱ्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला. ‘मृत व्यक्तीचे संपूर्ण नाव’ हा रकाना कोरा असल्याने तो परत आला. लिपिकसाहेब म्हणाले, “बाई, नावच सांगितलं नाहीत तर कुठलं नाव लपवायचं ते आम्हाला कसं कळणार?” मी म्हटले, नाव आपल्याला कळलेलेच आहे, कोरणाऱ्याकडे गेले आहे, म्हणून तर मी आले आहे. ते म्हणाले, “ते वेगळ्या टेबलाकडे असतं.” शिवाय असे कळले की, हरकतीचा प्रत्येक अर्ज मृताच्या पूर्ण नावासह पंधरा दिवस सूचनाफलकावर लावण्यात येतो. म्हणजे नाव भिंतीवर लागू नये, या विनंतीसाठी ते आधी भिंतीवर लावावे लागेल.

४. दुसऱ्या अर्जात मी त्या रकान्यात ‘मोहना’ असे लिहिले. त्यावर मोहना यांचा मृत्यूचा दाखला मागण्यात आला. तो नाही. मग असे सुचवण्यात आले की, दाखला नसल्यास त्या हयात असल्याचे धरता येईल. तसे असेल तर त्यांनी स्वतः छायाचित्र असलेल्या ओळखपत्रासह हजर राहून संमती नाकारावी. महोदय, मोहना यांची सुमारे चारशे चित्रे आपल्याच भिंतींवर आणि कपाटांत आहेत. एवढी ओळख पटवून देणारी दुसरी व्यक्ती आपल्या नोंदीत नसेल. तरी त्या हजर राहू शकत नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

५. आता आपल्या भाषणाबद्दल. आपण म्हणालात की, समाजाच्या भीतीने एका कलासेविकेला आयुष्यभर नाव दडवावे लागले, आज आपण तिला त्या अंधारातून बाहेर काढत आहोत. टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत होते, मी वाजवल्या नाहीत. शिपाईकाकांनी एकदा तिला विचारले होते की, इतकी वर्षे झाली, आता खरे नाव सांगायला काय हरकत आहे? ती म्हणाली, “अंग सगळ्यांनी बघितलं, माझं काही बिघडलं नाही. नाव तेवढं घरी ठेवलंय. घरी काहीतरी ठेवायला नको का?” यात मला भीती कुठेही दिसत नाही. काय द्यायचे आणि काय नाही, हे ठरवून आलेली बाई दिसते. जे तिने दिले ते आपण एकतीस वर्षे घेतले. जे दिले नाही ते ती गेल्यावर आपण पाकीट फोडून घेत आहात आणि त्याला सन्मान म्हणत आहात.

६. घरी ती ग्रंथालयात मदतनीस असल्याचे सांगत असे. ते खरे वाटावे म्हणून आपल्या ग्रंथपालबाईंकडून दर आठवड्याला एक पुस्तक मागून आणत असे. ती स्वतः वाचत नसे, मी वाचत असे. माझ्या आयुष्यात पुस्तके आली ती या खोटेपणामुळे. ते खोटे तिने किती नेटाने निभावले, हे मी एकोणीस वर्षांची असताना मला कळले. वार्षिक प्रदर्शनाला मैत्रिणीबरोबर आले होते. जिन्याजवळ कोळशाने काढलेले एक चित्र होते. पाठमोरी बसलेली बाई, डाव्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यावर चढलेले. ते बोट मी रोज पाहत होते. घरी जाऊन मी विचारले, “आज लायब्ररीत गर्दी होती का गं?” ती म्हणाली, “होती की.” त्यानंतर बावीस वर्षे मी हाच प्रश्न विचारत राहिले. तिला ठाऊक होते की मला ठाऊक आहे, असे मला आज वाटते. त्याची खात्री करून घ्यायची सोय आता उरलेली नाही.

७. तरी माझी मागणी अशी : सर्व चित्रांखाली ‘मोहना’ एवढेच नाव राहावे. कोरलेल्या पाट्या माझ्या ताब्यात द्याव्यात. उघडलेले पाकीट आतल्या कागदासह परत करावे. हे न झाल्यास मी उद्घाटनाला येईन आणि प्रत्येक पाटीवर कागद चिकटवीन. आपण काढलात तर पुन्हा चिकटवीन. मला पोलिसांत द्यायचे असल्यास जरूर द्यावे. मात्र तक्रारीत ज्या नावावर कागद चिकटवला ते नाव लिहावे लागेल, आणि ते लिहू नये म्हणून मी तिथेही असाच अर्ज करीन.

८. एक दुरुस्ती माझ्याकडूनही आहे. आधीच्या दोन्ही अर्जांत ‘मृताचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘ग्रंथालय मदतनीस’ असे लिहिले होते. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहीत आले. नाव घरी ठेवणे ही तिची निवड होती. तिचे काम लपवणे ही बावीस वर्षे माझी लाज होती, आणि आपण ती तिच्या नावावर मांडलीत, कारण मी ती कधी माझ्या नावावर घेतली नव्हती. आज सकाळी नवा कोरा नमुना मागायला खिडकी क्रमांक तीनवर गेले. माझ्यामागे सहा-सात माणसे होती. लिपिकसाहेबांनी विचारले, “मयत काय करत होत्या?” तोंडातून ‘लायब्ररीत’ निघणारच होते. मी म्हटले, “मॉडेल होती. तुमच्या वरच्या मजल्यावर, एकतीस वर्षं.” ते म्हणाले, “जरा हळू बोला.” रांगेतले लोक वळून बघू लागले होते. त्यांनी पुढे केलेला नमुना मी परत त्यांच्याकडे सरकवला आणि पुन्हा, अधिक मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, “माझी आई मॉडेल होती.”

नम्र आहे, मागे हटणार नाही,

(स्वाक्षरी)
मॉडेल मोहना यांची मुलगी

दिनांक : आजचा, प्रदर्शनाला नऊ दिवस बाकी असताना