शेवटच्या प्रकरणात कोटाच्या आत कोण होतं

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. (या वेळी जरा जास्तच वेळ वाकले आहे, कारण पुढचं तुझ्या डोळ्यांकडे बघून सांगता आलं नसतं.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरतेस, की अजून शिवणाचं गाठोडं दोन्ही हातांत घेऊन चढतेस, हे खरंखरं कळव. चष्म्याचा नंबर तपासून घेतलास का, तेही. इकडे बाबा ठणठणीत आहेत. सकाळी फिरून येतात आणि बाहेर किती गारठा होता याचं वर्णन करत दोनदा चहा पितात. आई म्हणते, मावशीला लिहिताना लांबण लावू नकोस, तिला कामं असतात. थोडक्यात लिहीन असं तिला सांगितलं आहे.

आधीच एक सांगून ठेवते, म्हणजे तू स्वस्थपणे वाचशील: मी कुणाशी खोटं बोललेले नाही. तुझ्याबद्दल मात्र मला तसं म्हणता येणार नाही.

मी चित्रपटाच्या वेशभूषेत मास्तरांच्या हाताखाली लागले, हे तुला आईने कळवलंच आहे. मास्तर म्हणजे आमचे मुख्य शिंपी. ते तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे रागावलेत की माप सांगताहेत ते चटकन कळत नाही. (मी दोन्ही लिहून घेते.) आणि चित्रपट कशावर, तर त्याच जाड रशियन कादंबरीवर, जी तू मला शिवता शिवता वाचून दाखवलीस. मी तेव्हा शाळेत जात नव्हते. अक्षरं, पाढे, काजं करणं आणि रशियातला हिवाळा हे सगळं मी एकाच खोलीत, तुझ्या मशिनच्या पायाशी बसून शिकले. त्यामुळे काम मिळालं तेव्हा मला वाटलं, देवाने माझा अभ्यासक्रम बघूनच पेपर काढला.

पहिल्याच बैठकीत दिग्दर्शिकेने (त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात) विचारलं, पुस्तक शेवटपर्यंत कुणी वाचलंय? पटकथालेखक खिडकीबाहेर बघू लागले. मास्तर म्हणाले, लहानपणी वाचलंय; असं सगळेच म्हणतात. बाईंनी स्वतः लढाई सुरू होईपर्यंत वाचलं होतं आणि पुढचं चित्रीकरणाच्या ओघात वाचू असं ठरवलं होतं. मी हात वर केला आणि खरं तेच सांगितलं, की वाचलं नाही, ऐकलंय, पण सगळं. बाई म्हणाल्या, "एकच ते." मला ते एकच वाटत नव्हतं, पण नव्या माणसाने पहिल्या दिवशी किती शंका काढाव्यात, या विचाराने गप्प बसले. त्या दिवसापासून माझं नाव 'पुस्तक' पडलं. पुस्तकाला विचारा, पुस्तक कुठे गेलं, पुस्तक जेवलं का. मी फार बोलायला लागले की मास्तर टाचण्यांमधून म्हणतात, "पुस्तक, जरा मिटून बस."

तू म्हणशील, पोरी, एवढी जबाबदारी अंगावर आली तर एकदा वाचून का नाही काढलंस? अगं, वाचायला घेतलंच होतं. बाईंची प्रत मागून आणली, पेन्सिल घेऊन बसले आणि कपड्यांचं वर्णन जिथे जिथे आहे तेवढं टिपून काढलं, कारण माझं काम तेवढंच. शेवटचं प्रकरण उघडलंच नाही. ते मला पाठ होतं. तू शिकवलेलं पाठ असताना पुन्हा तपासायचं म्हणजे तुझ्यावर संशय घेतल्यासारखं, आणि तसल्या गोष्टीने मला झोप येत नाही, हे तुला माहीत आहे. (आता तपासलं नाही म्हणून येत नाही.)

तर विचारतील ते मी सांगत गेले. जेवायला बसण्याआधी सरदारीणबाई काय करतात? हात धुतात, मी म्हटलं. त्या पुस्तकात सगळेच हात धुतात. बाईंनी चांदीचं तस्त आणवलं आणि तो प्रसंग फार भारदस्त घेतला. पिस्तुलांचं द्वंद्व कसं संपतं? पाऊस येतो, पिस्तुलं भिजतात आणि दोघं एकाच छत्रीतून घरी जातात. पटकथालेखक चकित झाले. एवढ्या जुन्या काळी इतका धीट विचार, म्हणाले. डॉक्टर लढाईवर निघतो तेव्हा त्याची आई काय म्हणते? कानटोपी घाल म्हणते. मावशी, हे बोलताना माझ्या आवाजात तुझाच आवाज आला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बाकीचं रामायण थोडक्यात सांगते. बर्फ साबणाच्या चुऱ्याचा होता. ऊन मी म्हणत होतं, डॉक्टर झालेल्या नायकाच्या अंगावर फरचा कोट आणि कोटाखाली घाम. तेव्हा त्याची विरहाची तीन वाक्यं होईपर्यंत कॉलरमधून फेस यायला लागला. दाढी डिंकाने लावलेली. ती दुःखाच्या भरात एका बाजूने सुटली. मी धावत जाऊन धरली, आणि पडद्यावर कोपऱ्यात माझा अंगठा दिसतो म्हणतात. बाई म्हणाल्या, राहू दे, तो नोकराचा वाटेल.

आता कोट. तुला आठवत असेल, डॉक्टर लढाईवर जातो आणि सरदाराची मुलगी हिवाळाभर वाट बघते. शेवटच्या प्रकरणात बर्फावरच्या घसरगाडीच्या घंटा वाजतात, दार उघडतं, डॉक्टर उभा. कोटाचं एक बटण तुटलेलं. तो आत येतो, चहा मागतो, आणि ती कोट अंगात असतानाच बटण लावते. धागा दाताने तोडताना तिचं डोकं त्याच्या छातीला टेकतं. मी तो कोट स्वतः शिवला. इतर बटणं तू शिकवलीस तशी बटण जरा उचललेलं राहील अशी खाली धाग्याची मान ठेवून लावली. एक लावलं आणि मग तुटल्यासारखं दिसेल असं हलक्या हाताने उसवलं. मास्तरांनी कोट उलटा करून अस्तर बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडची ही शाबासकी आहे.

त्या दिवशी प्राध्यापक आले. जन्मभर हेच पुस्तक शिकवलेले गृहस्थ. सल्लागार म्हणून सुरुवातीलाच यायचे होते, पण आजारी होते. प्रसंग झाला. नायकाने चहा मागितला, मुलीने धागा तोडला, दिवेवालेसुद्धा नाक पुसत होते. प्राध्यापक मात्र कुणीतरी त्यांच्या घरातलं सामान हलवल्यासारखे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फार छान. पण हा परत कसा आला?"

मी म्हटलं, घसरगाडीतून.

ते म्हणाले, "घसरगाडीतून फक्त कोट येतो, बाळ."

मी प्रत घेऊन कपड्यांच्या पेटाऱ्यांमागे गेले आणि शेवटचं प्रकरण वाचलं. घंटा वाजतात. दार उघडतं. गाडीवान कोट आत आणून खुर्चीच्या पाठीवर टाकतो. ती बटण लावते, धागा तोडते, आणि पुस्तक संपतं. चहा नाहीच. मग मी द्वंद्वाचं पानही काढून बघितलं. पाऊस नाही, छत्री नाही, त्यातला एकजण तर पुढच्या पानापर्यंतसुद्धा जात नाही. तिथेच पेटाऱ्यावर बसून मला आठवलं, की शेवटच्या प्रकरणात दार उघडतं त्या जागी तू उठून पाणी प्यायली होतीस. परत बसलीस, पुस्तक जरा उंच धरलंस आणि पुढे वाचलंस. पुस्तक तिथे थांबलं होतं, आणि तिथून पुढे तू होतीस.

गप्प राहिले असते तर चाललं असतं, प्राध्यापक काही चुगली करणारे नव्हते. पण मला ते जमत नाही. मी बाईंसमोर उभी राहिले आणि सांगितलं की शेवट पुस्तकातला नाही, माझ्या मावशीचा आहे. हात धुणं, छत्री, कानटोपी हेही बहुधा तिचंच. आणि मी उद्यापासून येणार नाही. बाईंनी हातातली पटकथा मिटली. मग विचारलं, "मावशी करतात काय?" मी म्हटलं, शिवते. "आणि?" आणि वाचून दाखवते. त्या म्हणाल्या, "नायकाला कोट काढायला सांग. पुस्तकातलाही घेऊन बघू."

घेतला. रिकामा कोट खुर्चीवर, ती बटण लावते आहे. कुणी नाक पुसलं नाही, कुणी हललंच नाही. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून मुठीत धरल्या. त्यांचं मोकळं तोंड मी पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हापासून इथे दोन तट पडले आहेत. दिवेवाले डॉक्टरला जिवंत ठेवा म्हणतात, नायक तर म्हणणारच. मास्तर रिकाम्या कोटाच्या बाजूने आहेत, कारण त्यात शिवण नीट दिसते. प्राध्यापक म्हणाले, दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, सर, तो परत आला असता तर? मी सांगायचो, मग पुस्तक झालं नसतं. "आता बघितलं. पुस्तक झालं असतं, जरा वेगळं." बाईंनी अजून ठरवलेलं नाही, आणि मलाही जाऊ दिलेलं नाही.

तुझ्यावर मी रागावलेले नाही. रागवावं असं ठरवून दोन दिवस बघितलं, पण सवय नसल्याने जमलं नाही. गुडघ्याला जप.

तुझ्या मशिनच्या पायाशी वाढलेली,
पुस्तक

ता. क. मुख्य काम राहिलंच. बाई म्हणाल्या, तुझा शेवट तुझ्या शब्दांत लिहून आल्याशिवाय त्या ठरवणार नाहीत. तेव्हा तो होता तसा लिहून पाठव. डॉक्टर दार वाजवतो की तसाच आत येतो? चहा बूट काढण्याआधी मागतो की नंतर? मला नेमकं आठवत नाही, आणि अंदाजाने सांगणं मी सोडलं आहे.

ता. क. दुसरा. हे सगळं मी बाबांना सांगितलं. तू ते प्रकरण वाचलंस तेव्हा ते इस्पितळात होते, आणि घरी आल्या आल्या त्यांनी चहा मागितला. म्हणून तर तो शेवट मला इतका खरा वाटला. बाबा म्हणाले, कसला मागतोय, डॉक्टरांनी चहा बंद केला होता. तूच म्हणे त्यांना जिन्यात गाठून सांगितलंस, "भाऊजी, आत गेल्या गेल्या मोठ्याने चहा मागा, का ते विचारू नका." आणि कपात नुसतं गरम पाणी दिलंस. मावशी, गुडघ्याचं पुन्हा विचारते.

ता. क. तिसरा. बाईंना पुढचा चित्रपट तू वाचून दाखवलेल्या त्या दुसऱ्या रशियन गोष्टीवर करायचा आहे, म्हाताऱ्या घोड्याच्या. ती शेवटपर्यंत कुणी वाचली आहे का, असं त्यांनी आज विचारलं, आणि माझ्या तोंडून "ऐकली आहे" असं निघून गेलं. तो घोडा शेवटी सफरचंदाच्या बागेत राहायला जातो ना? आधी तुझं लिही. खरं काय ते पाकिटात वेगळ्या कागदावर, घडी घालून.