व्हील थांबवायचा शब्द

प्रिय मामा,

काय झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. तू गेल्यापासून तुझं जायंट व्हील ताडपत्रीखाली पडून होतं. या आठवड्यात ते मुलुंडच्या मैदानात उभं केलं.
२. बोल्ट, ब्रेक आणि वायरिंग मी तपासलं. सगळं ठीक आहे.
३. लिव्हरवर मामी बसली.
४. चाचणीच्या फेरीला मेळ्यातल्याच लोकांना पाळण्यांत बसवलं. तुझ्याबरोबर खाली पाळणे भरणाऱ्या सलीमभाईंच्या सुनेची ओढणी बाहेर लोंबताना दिसली, म्हणून मी खालून ओरडले, "थांबवा!"
५. व्हील थांबलं नाही.
६. कुणालाही इजा झाली नाही. ओढणी फाटली.

हे पत्र मामीच्या सांगण्यावरून लिहितेय. "तू लिही गो, तुका नेमका लिहूक येता," म्हणाली. स्वतः लिहायला बसली तर पहिल्या ओळीलाच तुझ्याशी भांडेल, असं तिचं म्हणणं.

व्हील का थांबलं नाही, ते मला तिथेच कळलं. वर बसलेले सगळेच "थांबवा, थांबवा" ओरडत होते. हसत, किंचाळत, एकमेकांना धरून. रोज संध्याकाळी लोक हेच ओरडतात आणि खाली उतरले की पुन्हा रांगेत उभे राहतात. त्यात माझा एक "थांबवा" मामीला वेगळा कसा ऐकू येणार? तिने मला हात हलवून दाखवला आणि उलट आणखी एक फेरी दिली.

मग सलीमभाई ओरडले, "दुधी!"

मामीचा हात आपोआप ब्रेकवर गेला. व्हील थांबलं. व्हील थांबवायचा तुझा शब्द होता तो. मामी लिव्हरवरून बराच वेळ उठली नाही. थोडी रडली, पण जास्त हसलीच. आता तरी सांग, मामा, 'दुधी' आला कुठून? मला लहानपणी सांगितलंस की एका बाईच्या पिशवीतून दुधी सुटला आणि सलीमभाईंच्या डोक्यात बसला. माझ्या भावाला सांगितलंस की हा जुन्या सर्कशीतला शब्द आहे. सलीमभाई वेगळंच सांगतात. लिव्हर हातात घेतलीस त्या दिवशी सगळे जण तुझ्याकडे शब्द मागत होते, तुला काही सुचेना, तू डबा उघडलास आणि आत दुधीची भाजी होती. मामी म्हणते, "माझ्या भाजीक नावां ठेवूची होती, दुसरा काय?" एका शब्दाचे इतके उगम असतात, हे माझ्या शिस्तीत बसत नाही.

बाकीच्या शब्दांचं मला पटतं. फुकट बसणारा तो 'जावई'. कुणाला मळमळायला लागलं की 'लिंबू', कारण खाली आणल्याबरोबर हातात तेच द्यायचं. सगळ्यात वर गेलेला पाळणा 'देवघरात', कारण तिथे पोचल्यावर नास्तिकसुद्धा देवाचं नाव घेतो. हे तू एकदाच सांगितलंस आणि खरं सांगितलंस. मग 'दुधी'च्या बाबतीतच थापा का?

मला वाटतं, तो कुठून आला याने तुला फरकच पडत नव्हता. घाबरलेला माणूस दुधीला हाक मारत नाही, एवढं पुरेसं होतं. मी लिफ्टची इंजिनीअर. असा शब्द निवडायला सांगितला असता तर मीसुद्धा याच कसोटीवर निवडला असता, फक्त दुधीपर्यंत पोचले नसते.

मी मामीच्या हाताशी लाल बटण बसवलंय. ते कधी दाबायचं हे तिला खालून कळवायला हूटरही सुचवला होता. सलीमभाई म्हणाले, "ताई, बाजूच्या पोरांच्या आगगाडीला हूटर आहे, पोरांच्या हातात पिपाण्या आहेत. कुठला कुणाचा, कळणार कसं?" म्हणजे शब्द हवाच.

अडचण इथून सुरू होते. गेलेल्या माणसाचा शब्द व्हीलवर चालत नाही, हे तुम्ही मेळ्यातल्या माणसांनीच ठरवलेलं. जो लिव्हर धरेल त्याने आपला शब्द आणायचा, नारळ फोडताना सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचा. त्याशिवाय खालची माणसं कामाला उभी राहत नाहीत. परवा चुकून निघाला तो निघाला, आता पुन्हा नाही, असं सलीमभाईंनी कान धरून सांगितलं. मेळा शनिवारी सुरू होतोय. मामीकडे शब्द नसेल तर मेळ्याचा मालक लिव्हरवर दुसरा माणूस आणणार आहे.

मामीने शब्द निवडलाय. गंगाराम.

हो, तुझंच नाव. मी तांत्रिक हरकत घेतली. गर्दीत कुणी गंगाराम असला तर?

"ह्या नाव आता कोण ठेवता गो?" मामी म्हणाली.

सलीमभाईंनी दुसरी शंका काढली, "भाभी, देवघरात लोक राम राम करतातच."

"रामाक मारूंदेत हाका. गंगाराम वेगळो."

मी खाली उभी राहून, सगळ्यांना वर ओरडायला लावून तपासलं. मामीला दर वेळी स्पष्ट ऐकू आलं, दर वेळी ब्रेक लागला. शब्द पास आहे.

पण हाक मारत होतो आम्ही. मामीने स्वतः तो अजून उच्चारलेला नाही. इतक्या वर्षांत तिने तुझं नाव कधी घेतलंय का? लग्नातल्या उखाण्यातसुद्धा तिने "ह्यांचं" म्हणून वेळ मारून नेली, असं तूच हसत सांगायचास. काल सरावाला बसवलं तर "गं" पर्यंत आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "माझ्यासाठी तू सांग," म्हणाली. सलीमभाईंनी मान हलवली. "नाय भाभी. ज्याची लिव्हर, त्याचं तोंड."

मग ती गंभीर झाली. "त्यांका इचार," म्हणाली, "मी नाव घेतलंय तर चालात?"

तू जेवायला बसायचास तेव्हा व्हील तीच चालवायची. तिकीटखिडकीत बसून तुझं सगळं काम तिने पाहून ठेवलं होतं. ही लिव्हर तिला तू असतानाच मिळायला हवी होती, मामा. आता ती तिच्या हातातून जायला नको.

माझ्याकडून एवढं कबूल करते. ब्रेक दर सोमवारी मी स्वतः तपासेन. आणि मामीचा शब्द कुठून आला असं कुणी विचारलं तर एकच उत्तर देईन, खरं.

नारळ शुक्रवारी संध्याकाळी पाचला आहे. मामी तुझं नाव घेणार आहे. हरकत असल्यास शुक्रवारी चारच्या आत कळव. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.

तुझी भाची,
मेघना