आमच्या गटाराचा पहिला नंबर

चिरंजीव भाचेबुवा,

मंगळवार, ९ सप्टेंबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, सोसायटीच्या सभेत, चाळीस माणसांसमोर, तू तुझ्या सख्ख्या मावशीच्या इमारतीचं गटार पडद्यावर दाखवलंस. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली, कारण त्यानंतर दुसरीकडे कुठे पाहायची सोयच राहिली नाही. असो, अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी कशी आहे? माझे गुडघे बरे आहेत. दुखणं यावेळी गुडघ्यांच्या बरंच वर, नाकाशी आहे.

गेल्या महिन्यात आलास, दोन वेळा पोटभर जेवलास आणि जाताना म्हणालास, "मावशी, सांडपाण्याच्या चार बाटल्या नेतो. इस्पितळाचं पाणी कुठे आणि घरचं पाणी कुठे, ते लोकांना दिसू दे." मी हुरळले. बाटल्या स्वतः उकळत्या पाण्याने धुतल्या, वर कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात लेबलं लावली. ती इतकी सुवाच्य होती की काल शेवटच्या रांगेतूनही वाचता आली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या तुझ्या आलेखात इस्पितळाचा खांब कमरेएवढा आणि आमचा थेट छताला! तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भर सभेत म्हणाले, "बाई, अभिनंदन! पहिला नंबर!" (त्यांच्या मुलाला मी रसायनशास्त्रात दोनदा नापास केलं होतं. माणूस किती वर्षं वाट पाहू शकतो बघ.)

वर मला उत्प्रेरक म्हणजे काय ते समजावतोस? एकतीस वर्षं मी तेच शिकवलं. स्वतः जसाच्या तसा राहून इतरांत खळबळ माजवतो, तो उत्प्रेरक. उदाहरण म्हणून मी वर्गात तुझ्या आईचं देत असे. सांडपाणी शुद्ध करायच्या तुझ्या त्या टाकीतल्या पट्ट्यांवर उत्प्रेरकाचा लेप असतो, त्यावर दिव्याचा उजेड पडला की जंतू फाटतो, आणि औषधाला हरवायची त्याच्या पोटातली विद्याही फाटते, हे मला पटलं. नाहीतर म्हणे मेलेला जंतूसुद्धा जाता जाता ती विद्या शेजाऱ्याला देऊन जातो. (आमच्या इमारतीत जिवंत माणसं वाटीभर साखर देत नाहीत.)

आता ती टाकी आमच्या मागच्या अंगणात बसवायला तुला सोसायटीची अध्यक्ष म्हणून माझी सही हवी. शनिवारपर्यंत मिळाली नाही तर टाकी दुसऱ्या इमारतीला जाणार आणि आमचं पाणी आहे तसंच नदीला. खुशाल जाऊ दे! पहिल्या मजल्यावरची शिवणकामवाली काल मला जिन्यात पाहून घरात गेली आणि हात धुऊन आली. आधी त्याच पडद्यासमोर, त्याच चाळीस माणसांसमोर माझी माफी माग. मग सहीचं बघू.

तुझी (अजून तरी) मावशी

ता. क. सही सोबत जोडली आहे. माफी नको. त्या चाळीस जणांना पुन्हा गोळा करू नकोस. सभेत तू वाटलेला कागद आज सकाळी चष्मा लावून वाचला. उरलेली औषधं मोरीत टाकली की जंतू त्यांना सरावतात, असं त्यात आहे. अकरा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, मी सहाही मजल्यांवरच्या उरलेल्या गोळ्या एका डब्यात जमा करते, लहान मुलांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून. मग खलबत्त्यात कुटून, कोमट पाण्यात विरघळवून, मोरीत ओतते. (पूर्ण विरघळवून. गाळ राहू देत नाही. मी रसायनशास्त्राची शिक्षिका आहे.) त्यात माझ्याही असतात. ताप उतरला की तिसऱ्या दिवशी मी गोळ्या बंद करते. हे डॉक्टरांना कळता कामा नये.

ता. ता. क. येत्या शनिवारी सकाळी दहाला बायका आपापल्या पुड्या घेऊन दाराशी येतील. डबा आधीच अर्धा भरलाय. तो मी कुठे नेऊन द्यायचा आणि बायकांना काय सांगायचं, ते शुक्रवार, १२ सप्टेंबर, संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस, पोस्टमास्तरांचे कान तिखट आहेत. मजकूर जिन्यातल्या फळ्यावर लावता येईल असा हवा. चूक झाली, हे स्पष्ट लिही. कोणाची, तिथे 'काही रहिवाशांची' एवढं पुरे.