गार्ड कोणाचा

तीर्थरूप धनराज दादा यांस,
धाकट्या पत्रूचा वाकून नमस्कार. तुमची, वहिनींची अन् अहेरीच्या ऑफिसची तब्येत चांगली असंल. (ऑफिसची मुद्दाम विचारतो. दोन वर्षांत तुमाले गावाकडं याले एक सुटी भेटली नाई, म्हणजे ते तुमच्याशिवाय उभंच राहत नसंल.) आमी इथी बरे आहो. लाखोरीची डाळ निघाली, मोहाची फुलं पडून राह्यली, सीताचा गुडघा दुखून राह्यला. फोनच करणार होतो, पण तुमी माह्या नंबर दिसला का कापता, अन् सीताच्या फोनवरून केला तं तिचीच खुशाली विचारून ठेवून देता. म्हणून पत्र.

तं दादा, आपल्या गावात सिनेमा आला. पाहाले नाई, बनवाले. नागपूरचे राजदीप सर म्हणून डायरेक्टर आहेत. घरच्या सगळ्यायनं मिळून पाहावा असा पिच्चर, कुत्र्याच्या इमानदारीचा. मालक जंगलात बेशुद्ध पडतो, कुत्रा त्याले सोडून हालत नाई, असं. सरायनं नागपूरहून शिकवलेला कुत्रा आणला होता, सोनेरी केसांचा, आपल्या पाटलीणबाईपेक्षा जास्त शाम्पू लागत असंल त्याले. पण मोहाच्या झाडाखाली त्याले वाघाच्या पंजाचा वास आला, अन् तो जो गाडीत घुसला तो उतरलाच नाई. (काच त्यानंच वर केली असं शेजारची नीलाबाई शपथेवर सांगते. म्या पाह्यलं नाई.) सर कपाळाले हात लावून बसले, तं माह्या तोंडातून निघून गेलं, का आपला गार्ड आहे नं, सगळ्या सिंदेवाही तालुक्यात त्याच्याएवढा इमानदार कुत्रा नाई.

आता त्याची इमानदारी तुमाले मालूम आहे अन् मले. तुमची अहेरीले बदली झाली तवा तुमी म्हणले, गार्ड माह्या, बोळ्यानं दूध पाजलं मी त्याले. म्या म्हणलं, झोपतो कोणाच्या खाटेखाली? मंग आपण दोघं आंगणाच्या दोन टोकाले उभे राह्यलो अन् हाका मारल्या. बाप्पा, तो मधात उभा राहून एकदा तुमच्याकडं पाह्यला, एकदा माह्याकडं, अन् शेजारी नीलाबाईकडं चालला गेला, कारण ती सुके झिंगे भाजून राह्यली होती. तुमी म्हणले, झिंगे मीच भाजाले लावले. दादा, आजही सांगतो, त्या झिंग्यांशी माह्या काही संबंध नाई. पण तुमी पिशवी उचलली अन् बोलून गेले, का पत्रू जोवर गार्ड माह्या म्हणून कबूल करत नाई तोवर या फाट्यावर उतरणार नाई. अन् खरंच नाई उतरले.

असो. शूटिंगचं सांगतो. हिरोनं सेंट मारला होता, गार्ड अकरा वेळा शिंकला अन् जवळच जाईना. मंग सर म्हणले, पत्रूभाऊ, हिरोऐवजी पाठमोरे तुम्हीच पडा. मी पालथा पडलो. पण मोहाच्या दिवसांत वनखात्यानं तो मुखवटा वाटला आहे नं, डोक्याच्या मांगं बांधाचा, वाघाले वाटावं माणूस आपल्याकडंच पाहून राह्यला म्हणून? गुलाबी गाल, काळी मिशी, सगळ्या गावाले एकच चेहरा. तो घातल्याबिगर सीता मले जंगलात जाऊ देत नाई. म्हणजे मी पालथाही होतो अन् उताणाही होतो. गार्ड आला, त्यानं मिशीकडं पाह्यलं, एक चक्कर मारली, अन् मालकाच्या त्या तोंडावर पाय वर केला. सर म्हणले, कट.

पुढं गर्दी. सारं गाव पाहाले आलेलं, सगळे कॅमेऱ्यात डोकावून राह्यले. सरायनं सांगितलं, कॅमेऱ्याकडं पाहू नका, पाठ करून उभे राहा. गावानं ऐकलं. तीस-पस्तीस जणायनं एकदम पाठ केली, अन् तीस-पस्तीस गुलाबी गालांचे मिशीवाले कॅमेऱ्याकडं टक लावून पाहू लागले. नीलाबाईलेही मिशी. पुढं हिरोची माय छाती पिटून रडून राह्यली अन् मांगं हे! सर ओरडले, मुखवटे काढा. तं बापूराव म्हणले, "साहेब, वाघ आला तं तुमी पिच्चर थांबवान का?" कोणीच काढला नाई. (माह्या तेवढा काढला, धुवाचाही होता.)

शेवटी कसंबसं जमलं. मी पडलो, गार्ड येऊन माह्या पाठीवर मुंडकं ठेवून बसला, सगळे चूप. अन् वाजले चार. सव्वाचारले गडचिरोलीची एसटी फाट्यावर येते. गार्ड रोज तिथी जाते, तुमी उतरता का पाहाले. रोडवर ट्रक लय, म्हणून मले सोबत जावं लागते. तं मी उठलो अन् निंघालो, गार्ड मांगून. सर बोंबलले, "पत्रूभाऊ, तुम्ही बेशुद्ध आहात!" म्या म्हणलं, बेशुद्ध असलो म्हणून एसटी थांबते का? मंग आमच्या मांगं सर, कॅमेरा, अन् सगळ्या मिशा.

एसटी आली. एक म्हातारी उतरली, एक कोंबडी उतरली. तुमी नाई उतरले. सरायनं विचारलं, किती दिवसांपासून? म्या म्हणलं, दोन वर्षं, पोळ्यालेही खाडा नाई. सरायनं चष्मा काढून डोळे पुसले. म्हणले, हाच पिच्चर आहे.

दादा, राग नाई येणार का मले? भाकर माही, गोचिडा काढतो मी, अन् वाट तुमची पाहाची! पण डोळ्यांदेखतचं खोटं कसं म्हणू. म्हणून लेखी कबूल करतो, का गार्ड तुमचा आहे. मी हरलो. वहिनींना नमस्कार. लहान्याचं चुकलं असंल तं पोटात घाला.

तुमचा,
पत्रू

ता. क. शेवटचा शॉट पुढच्या मंगळवारी आहे. मालक एसटीतून उतरतो, एवढंच. हिरोले गार्ड शिंकतो, म्हणून सर म्हणतात खऱ्या मालकालेच बोलवा. बोलाचं काही नाई, फक्त उतराचं आहे.

ता. क. मी बोलावून राह्यलो असं समजू नका, सर बोलावून राह्यले. तुमची खाट नव्यानं विणली, तेही शूटिंगसाठीच. जाताना गार्डले नेलं तरी चालंल. मले काय, दोन दिवस वाटंल.

ता. क. दादाजी, सीताचा नमस्कार. पत्र पेटीत टाकाले माह्याजवळ दिलं, म्या वाचलं. सरांचं शूटिंग रविवारीच आटपलं, ते सारे नागपूरले गेले. मंगळवारी काही नाई. अन् गार्ड चार वाजता आपल्या मनानं कुठीच जात नाई. माघात आमच्या ह्यायले चार दिवस ताप होता, तं गार्ड चारही दिवस खाटेखालून हालला नाई. फाट्यावर हेच जातात, तो ह्यायच्या मांगं जाते. तुमी मंगळवारी या. झिंगे मी भाजणार नाई, नीलाबाईलेही सांगून ठेवलं आहे.