नव्या लॉटचा डबा

३ मार्च, सोमवार

साबण! दादाच्या डब्यात साबणाची वडी टाकली आज. जिरवतेच आता त्याची.

झालं काय, काल मी त्याच्या कॉफीच्या बिया फ्रिजमध्ये ठेवल्या. चांगलंच करायला गेले होते, ताज्या राहतील म्हणून. तर केवढा तमाशा! "अक्कल गहाण ठेवलीस का गं? बिया वास पितात! उद्या कांद्याची कॉफी पाजशील मला!" मग प्रवचन. काचेची बरणी नको, उजेड लागतो. शेगडीजवळ नको, ऊब लागते. ओला चमचा घातलास तर हात मोडीन. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, काळोखातलं कपाट, आणि लागतील तेवढ्याच दळायच्या, त्याही आयत्या वेळी. मी झोपते बैठकीच्या खोलीत, आणि बियांना स्वतंत्र कपाट!

वहिनी हसत होती. म्हणाली, "नणंदबाई, लग्नात हे माझ्याकडे एवढं बघत नव्हते, जेवढं त्या डब्याकडे बघतात."

वास पितात ना? पिऊ देत. गुलाबाची वडी आहे, चांगल्यातली. तळाला वडी, वर बिया. उद्या गुपचूप काढून घ्यायची.

५ मार्च, बुधवार

काहीच नाही! दादाने डबा उघडला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला — "वा! आत्ता भाजल्यासारखी." दळली, उकळली, प्यायला. मी एक घोट घेतला आणि तोंडाची आंघोळ झाली. मोरीत जाऊन थुंकले.

आणि हा कोण? तर कॉफी भाजायच्या कारखान्यातला नाकसाहेब! पोत्यात नाक घालायचं आणि सांगायचं, पास की नापास. हीच नोकरी त्याची. मालकसुद्धा "नाकसाहेब" म्हणतो. त्याला साबण कळला नाही? शक्यच नाही. ओळखलंय, आणि तोंडाला इस्त्री करून बसलाय. उलटा मलाच बनवतोय.

बघू कोण आधी हार मानतं.

६ मार्च, गुरुवार

वहिनी आईकडे गेली आरामाला. पोट दिसायला लागलंय आता. रिक्षात बसताना म्हणाली, "ह्यांच्याकडे लक्ष ठेव गं. हल्ली गप्प गप्प असतात. जेवताना नावंसुद्धा ठेवत नाहीत."

म्हटलं, ठेवते की लक्ष! (डांबरगोळी शोधून ठेवली आहे.)

८ मार्च, शनिवार

डांबरगोळी कापडात बांधून कालपासून डब्यात होती. आज झाकण काढलं तर जुनी ट्रंक उघडल्यासारखा भपकारा! मी दोन पावलं मागे. दादाने अख्खा कप संपवला. वर म्हणतो, "अजून आहे का गं?"

मला हसूच आलं नाही. का कोण जाणे. त्याच्या हातातून कप घेतला आणि म्हटलं, संपली. उरलेल्या बिया फेकून दिल्या.

९ मार्च, रविवार

नको होतं करायला. पण राहवेना.

रुमालावर व्हिनेगर ओतलं. चांगलं निथळत होतं. म्हटलं, "दादा, मैत्रिणीने अत्तर दिलंय. कसं आहे?" त्याने रुमाल नाकाशी धरला. "छान आहे. फुलांचं आहे ना?"

मी खो खो हसले. मग तोही हसेल म्हणून थांबले. तो हसला नाही. रुमालाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. चोरी पकडल्यावर मी जशी बघते ना, तस्सा.

"काय होतं ते?"

"व्हिनेगर."

खाली बसला. स्टुलावर नाही, फरशीवर.

हळूहळू सांगितलं सगळं. गोदामात किडीसाठी नवीन पावडर मारायला लागले, तेव्हा नाक चुरचुरायचं. मग सर्दी झाली असं वाटलं. सर्दी गेली, वास परत आलाच नाही. "इतके दिवस चालवलंस कसं?" तर म्हणे बियांवरची चमक बघून. बाकीच्यांची तोंडं बघून. मालकाने नाक मुरडलं की हाही मुरडतो!

"डॉक्टरकडे जा ना मग."

"आणि कारखान्यात कळलं तर? नाक गेलेल्या नाकसाहेबाला कोण ठेवतं गं? दुसरं येतं काय मला? आता तर बाळ येतंय."

माझं मनगट धरलं. लहानपणापासून माझा कान धरणारा माणूस! "तुझ्या वहिनीला कळू देऊ नकोस."

१० मार्च, सोमवार

डोकं चाललं! मी आहे की. माझं नाक आहे की!

त्यांच्या कारखान्याचा रिवाजच तसा आहे. नवा लॉट आला की नाकसाहेब त्यातल्या थोड्या बिया भाजून घरी आणतो. घरच्या डब्यात, घरच्या कपाटात ठेवतो. रोज झाकण उघडून वास घेतो. पाच-सहा दिवस टिकल्या तरच लॉट पास. जुन्या मालकाने पाडलेली पद्धत. म्हणायचा, गिऱ्हाईक काय गोदामात राहतं? त्याच्या घरात टिकायला पाहिजे.

म्हणजे वास मी घ्यायचा आणि उत्तर दादाने नेऊन द्यायचं. कॉपीच की! ह्यात मी मास्टर आहे.

दादाने संध्याकाळभर शिकवलं. शिळी झाली की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. खवटली की जुन्या शेंगदाण्यांसारखी. ओल लागली की पायपुसण्यासारखी. डोळे मिटून मी एकेक ओळखलं, सगळं बरोबर! दादा म्हणाला, "माकडे, तुझं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे गं." दहावीला दोनदा आपटले. ही पहिली परीक्षा, जिच्यात कुणी शाबास म्हणालं.

११ मार्च, मंगळवार

नवा लॉट आला. मोठा आहे, गोदाम भरलंय म्हणे. मालक घाईत आहे. दादाने बिया आणल्या, डब्यात भरल्या, सरळ माझ्या नाकाखाली धरल्या.

कॉफी होतीच. पण तिच्या खाली अजून काहीतरी होतं. दवाखान्याची फरशी पुसतात ना, तसलं. नाकाच्या पार मुळाशी झोंबलं. तोंड उघडणार, तेवढ्यात आठवलं — अगं बाई, डांबरगोळी! ह्याच डब्यात तर ठेवली होती मी!

आता हे दादाला कोण सांगणार? आधीच मेल्याहून मेल्यासारखा झालाय. त्याला कळलं की ट्रंकेची कॉफी पाजली मी त्याला... म्हटलं, "छान आहे." तो कामावर गेल्यावर बिया पातेल्यात काढल्या, डबा उकळत्या पाण्याने घासला, कोरडा करून परत भरला.

आजपासून खोड्या बंद. शप्पथ.

१२ मार्च, बुधवार

आहेच अजून. चिवट आहे डांबरगोळी! सारखी उघडून बघते. गेला का, गेला का. तोंड पार डब्यात खुपसून.

डोकं जड आहे. मी मोबाईलच्या दुकानात बसते तिथले काका म्हणाले, "आज एकाही गिऱ्हाइकाची नक्कल नाही केलीस. बरं नाही का?"

१४ मार्च, शुक्रवार

कमी झाला! झोंबत पण नाही आता. घासलेलं फुकट गेलं नाही.

शेजारची बोकी दुधावर टपून असते रोज. आज पातेलं उघडं होतं, तरी उंबऱ्यावरच बसली. आत बघत होती. मनी मनी केलं तर अंग फुगवून पळाली. शहाणी झाली म्हणायची.

१६ मार्च, रविवार

दादाला मालकाचा फोन. ट्रक उभे आहेत, उद्या सांग काय ते. फोन ठेवल्यावर दादा माझ्या समोर येऊन बसला. डबा दोघांच्या मध्ये.

"नीट घे. घाई करू नकोस. काही वेगळं लागतंय?"

नाक घातलं. खूप वेळ. काही म्हणजे काही नाही. ना दवाखाना, ना डांबरगोळी.

"स्वच्छ!"

"आणि कॉफीचा?"

"आहे की." मग परत घेतला. "हलका आहे जरा."

"हलका?" त्याने दोन बिया बोटांत चोळून बघितल्या. "मी कमी भाजल्या असतील. मला आता भाजतानाही कळत नाही ना." मग म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे झालं. पास."

मला एवढं कुणी कधी विचारलं नाही. छाती फुगली.

१७ मार्च, सोमवार

ट्रक गेले. सगळा माल गेला. दुकानांत, घराघरांत जाणार आता. मालकाने दादाची पाठ थोपटली. खूश होऊन त्याच लॉटची एक अख्खी गोणी घरी पाठवली. दादाने पुढच्या खोलीत माझ्या पलंगाखाली सरकवली. काळोखात, नियमाप्रमाणे. म्हणाला, "तुझी वहिनी येईपर्यंत ताजी राहील."

दोघांनी कॉफी करून कपाला कप आपटले. पाणचट लागली. उगाच त्याचा आनंद कशाला घालवू?

१९ मार्च, बुधवार

गोदामवाले आजोबा रिकाम्या पोत्यांवरच चक्कर येऊन पडले म्हणे. दादा म्हणतो, वय झालं.

२० मार्च, गुरुवार

दुकानातले काका आज लांबून बोलत होते. शेवटी म्हणाले, "राग मानू नकोस पोरी. पण तुझ्या अंगाला कसला वास येतोय गं? फवारणी करून आलीस का?"

मी बाही हुंगली. काही नाही. म्हटलं, "काका, नाकसाहेबाची बहीण आहे मी. कॉफीचा असेल!"

हसले नाहीत ते. टेबलफॅन माझ्याकडे वळवून ठेवला.

२२ मार्च, शनिवार

वहिनी आली. आम्ही दोघं दार उघडायला धावलो. ती उंबऱ्यावरच थांबली. एक हात नाकावर, एक पोटावर.

"अगं बाई! हा कसला वास भरलाय घरभर?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून.

मी लांब श्वास घेतला. परत घेतला.