छपराखालची पिल्लं

चि. धाकट्या,

आशीर्वाद. शनिवारी गवंडी बोलावून तू छपराखालची फट बुजवणार, असं तुझ्या बायकोने सांगितलं. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहावं लागलं.

संध्याकाळी सगळी वटवाघळं बाहेर पडली की फट बंद करायची, म्हणजे एकही मरणार नाही, असं तू म्हणालास म्हणे. अरे शहाण्या, आया शिकारीला जाताना पिल्लं आतच ठेवून जातात. ती उपाशी मरतील. महिनाभर थांब. पिल्लं उडू लागली की सोबतची जाळी फटीवर वरच्या कडेने ठोक, खालून मोकळी सोड. सगळी बाहेर पडतील, परत शिरणार नाहीत.

ही फळं खाणारी नव्हेत. अंगठ्याएवढी, तपकिरी, डास-पतंग खाणारी. इथे माझ्या ग्रंथालयाच्या छपरातही तीच आहेत. शिपाई म्हणतो, "बाई, तुमच्या माहेरची मंडळी आलीत."

मी उत्तम आहे. गुडघा फक्त जिन्यावर दुखतो, म्हणून टेबल खाली आणवलं. आईला झोप लागते ना?

आज शुक्रवारी सकाळी नेहमीच्या ट्रकवाल्याकडे देते आहे: जाळी एक, खिळ्यांची पुडी एक, पत्र एक. पत्र आईच्याच हातात द्यायला सांगणार आहे, म्हणजे ती तुला वाचून दाखवेल.

तुझी ताई