तेविसावा संदर्भ

गुरुवार, दि. ११ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझे पाकीट मिळाले. गुडघ्यांविषयी विचारलेस, ते होते तसेच आहेत. घरमालकाने जिन्याला कठडा लावून दिला, त्यामुळे वरच्या खोलीत कागद पसरून बसता येते.

तुझ्या लेखाच्या संदर्भयादीचे काम त्याच खोलीत झाले. नियतकालिकाचे सोळा पानी सूचनापत्रक दोनदा वाचले. संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे, सहापेक्षा अधिक लेखक असल्यास पहिली सहा नावे आणि पुढे 'व इतर', नियतकालिकांची नावे संक्षिप्त. स्वल्पविराम तू मुठीने फेकले होतेस, ते जागेवर आणले. चौथ्या संदर्भाचे वर्ष चुकले होते. बारावा लेख तू वाचलेला नाहीस. त्याचा निष्कर्ष तू सांगतोस त्याच्या नेमका उलट आहे. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून मी संदर्भापुढे बरोबरची खूण करीत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, ते याच हट्टावर. एकेचाळीसपैकी चाळीस मार्गी लागले.

आता तेविसावा.

तो तू असा लिहिला आहेस: लेखिकेचे नाव, 'पाण्याचे तापमान व डासांच्या अळ्यांची वाढ, नोंदवह्या एक ते सहा', अप्रकाशित. लेखिका तुझी पत्नी आहे. शनिवारी फोनवर मी याविषयी विचारले होते. ते बोलणे तू विसरला असशील, म्हणून येथे उतरवते.

"अक्का, तेवढा तेवीस उडव. अप्रकाशित लिखाण यादीत चालत नाही त्यांना. नियमच आहे तसा."

"मग तिचा उल्लेख कुठे येणार?"

"शेवटी आभारात घालू ना."

"काय म्हणून?"

"घरच्यांच्या पाठिंब्याबद्दल. सगळेच लिहितात. तू पण ना, अक्का, कशाचंही प्रकरण करतेस."

नियम तू अचूक सांगितलास. पत्रकाच्या नवव्या पानावर तो आहे. तेविसावा काढला की चोविसावा तेविसावा होतो, पंचविसावा चोविसावा. अठरा संदर्भ एकेक पायरी वर सरकतात आणि मध्ये कोणी उभे होते याची खूणही उरत नाही. काम दहा मिनिटांचे.

मी ते केले नाही, कारण आधी मोजणी केली. पहिले बावीस संदर्भ प्रस्तावनेत आणि पद्धतीच्या वर्णनात आहेत, शेवटचे अठरा चर्चेत. निष्कर्षांच्या भागात, म्हणजे जिथे तू काही नवे सांगतोस तिथे, एकटा तेवीस आहे, अकरा वेळा. सहाही कोष्टके त्याच्यावर उभी आहेत. एरवी एखादा संदर्भ काढला तर लेख थोडा दुबळा होतो. हा काढला तर लेखच राहत नाही. ज्याच्यावाचून लेख राहत नाही त्याला संदर्भ म्हणत नाहीत. त्याला लेखक म्हणतात.

मला राग आला आहे. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढचा मजकूर तू म्हातारपणाच्या चिडचिडीत जमा करणार नाहीस.

मूळ पाहण्याचा नियम सर्वांना सारखा, म्हणून तिला वह्या घेऊन बोलावले. मंगळवारी ती आली. तुझ्या लेखाची तिला कल्पनाच नव्हती. वह्यांचे फोटो तू 'जपून ठेवायला' काढलेस, असे तिला सांगितले होतेस. तिने चष्मा लावला, उभ्यानेच चार पाने वाचली आणि मग खुर्ची ओढून बसली.

"वन्सं, हे माझ्या ट्रेमधले आकडे आहेत."

"हो."

"न्हाणीघरात ठेवायचे मी ते ट्रे. हे पाहुण्यांना सांगायचे, बायकोनं डास पाळलेत."

"माहीत आहे. मीही हसले होते."

"सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसला होतात." तिने पान उलटले. पुढच्याच क्षणी पेन्सिल मागितली. "हे काय? चौथ्या कोष्टकात मार्चचे एकोणीस दिवस शून्य कसे?"

"त्या दिवसांत एकही अळी मेली नाही, असे तो म्हणतो."

"वहीत शून्य नाहीये, वन्सं. वहीत काहीच नाहीये. ते दिवस मी ट्रे बघितलेच नाहीत."

वही उघडून माझ्यापुढे ठेवली. एकोणीस कोऱ्या चौकटी. कारण विचारावे लागले नाही, तारखा पुरेशा होत्या. ते एकोणीस दिवस आई रुग्णालयात होती. तू परिषदेला गेला होतास, मी उत्तरपत्रिका तपासत होते. आईचे अंग पुसायला, तिला चमच्याने पाणी पाजायला तुझी पत्नी होती. त्या कोऱ्या चौकटी तू शून्यांनी भरल्यास, त्यांची सरासरी काढलीस आणि 'या तापमानास मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटते' हा लेखाचा मुख्य निष्कर्ष मांडलास. एकोणिसाव्या दिवशी आपली आई गेली. त्या तारखेपुढेही तुझे शून्य आहे.

इथवर लिहून मी थांबू शकले असते. पण तुझ्यावर ठेवलेला आरोप अर्धवट राहील, आणि अर्धवट युक्तिवाद मला चालत नाही.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी ती प्रबंधाचा आराखडा घेऊन माझ्याकडे आली होती. सादर करू का, म्हणून विचारायला. मी तिला तीन मुद्दे सांगितले. एका घरात एकाच वेळी दोन प्रबंध निभणार नाहीत. तुझा आधी सुरू झालेला आहे. आणि तिच्या नोंदींत मार्च महिन्यात खंड आहे, परीक्षक तो सोडणार नाहीत. तिसरा मुद्दा सर्वांत पक्का होता. ती आराखडा पिशवीत घालून घरी गेली. मला समाधान वाटले. वाद जिंकल्यावर वाटते तसे. खंड कशामुळे पडला, हे मी विचारले नाही. तू त्या चौकटी निदान न पाहता भरल्यास. मी त्या पाहिल्या आणि तिच्याविरुद्ध वापरल्या.

मंगळवारी हे तिला सांगितले.

"मुद्दा बरोबर होता, वन्सं," ती म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं राग गेला नाही."

मग पुन्हा कोष्टकाकडे वळली. ते एकोणीस दिवस गाळले तर निष्कर्ष लहान होतो, पण खरा उरतो, असे तिचे म्हणणे. मी पडताळून पाहिले. ती म्हणते ते बरोबर आहे. लेख आता ती लिहिणार आहे. वह्या तिच्याबरोबर गेल्या, आणि चाळीस संदर्भांची शुद्ध यादीही. तुझ्यासाठी मी प्रत ठेवलेली नाही.

सोमवारी तू लेख पाठवणार होतास. पाठवू नकोस. पाठवलास तर पाठोपाठ संपादकांना माझे पत्र जाईल, वहीच्या त्या पानाच्या छायाप्रतीसह. बढतीच्या मुलाखतीला हा लेख हवा होता, हे मी जाणते. त्याच्याविना जा.

तिच्या लेखात तुझे नाव असावे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. मी तुझ्या वतीने शब्द टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. तिला तूच विचार. विचारताना समोर बस, नियम सांगू नकोस, आणि ती बोलू लागली की मध्ये बोलू नकोस.

तिची
वन्सं